चौकटीचा सातबारा

१ मार्च १९३८ या तारखेचा एक चेक आहे, ४१२ डॉलरचा. ज्या दोघांच्या नावाने तो फाडला त्यांची नावं लिहिणाऱ्याने चुकवली, म्हणून वटवताना दोघांनाही मागच्या बाजूला दोन-दोन सह्या कराव्या लागल्या. एक चुकलेल्या नावाची, एक खऱ्या नावाची. चेकवर रकमेची फोड दिलेली आहे. त्यात १३० डॉलरच्या पुढे ‘सुपरमॅन’ एवढंच लिहिलंय. जेरी सीगल गोष्ट लिहायचा, जो शूस्टर चित्रं काढायचा. क्लीव्हलंडची ही दोन पोरं तेव्हा तेवीस वर्षांची होती. तेरा पानं, पानाला दहा डॉलर. घोटाळा दरात नव्हता, सोबतच्या कागदात होता. त्या १३० डॉलरमध्ये प्रकाशकाला तेरा पानं तर मिळालीच, शिवाय ते पात्र, त्याचं नाव, त्याचा झगा, छातीवरचं अक्षर आणि त्यातून पुढे जे जे निघेल ते सगळं मिळालं, कायमचं.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून दोन-तीन फोन येतात. “आमची मुलगी चित्रं फार छान काढते हो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड आहे. कॉमिक्स-बिमिक्समध्ये काही होतं का? पोट भरतं का त्याच्यावर?” मी स्वतः चित्रकार नाही. पंचवीसेक वर्षं मासिकं आणि दिवाळी अंकांच्या कामात चित्रकारांच्या मागे लागण्यात, त्यांची वाट बघण्यात आणि त्यांची बोलणी खाण्यात गेली, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकारात मी फोनवर आधी हा चेक सांगतो. पोट भरतं, हात चांगला असला तर आणि रोज चालता ठेवला तर. पण शेत कसतो कोण हे गावाला बांधावरून दिसतं. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते उतारा काढल्याशिवाय कळत नाही. चित्रकथेच्या चौकटीलाही असा सातबारा असतो, आणि आईवडिलांनी चौकशी करायची ती त्याची.

सुपरमॅन बाजारात आला त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल आयस्नर नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाकडे रविवारच्या वर्तमानपत्रांसाठी चित्रकथेची पुरवणी काढायचा प्रस्ताव आला. त्याने अट घातली की पात्राची मालकी माझी. नोंदणी भागीदाराच्या नावाने झाली, पण करारात लिहून घेतलं की हक्क आयस्नरचे. हा १९४० साली सुरू झालेला ‘द स्पिरिट’. बारा वर्षांनी पुरवणी बंद पडली तेव्हा पात्र आयस्नरकडेच राहिलं आणि पुढे अनेक वर्षं त्याची पुनर्मुद्रणं निघत राहिली. पण मला त्याच्या चरित्रातला सगळ्यात आवडणारा भाग याच्या नंतरचा आहे. १९५१ पासून वीस वर्षं हा माणूस अमेरिकन लष्कराच्या एका मासिकासाठी चित्रं काढत होता. विषय काय, तर गाड्या आणि हत्यारं यांची निगा कशी राखावी. जीप, बंदुका, तेलपाणी. १९७८ साली ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ हे त्याचं पुस्तक आलं आणि ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. मधली वीस वर्षं त्याचं घर जीपच्या तेलपाण्यावर चाललं. कोणी ‘व्यावसायिक काम म्हणजे कलेशी तडजोड’ असं म्हणायला लागलं की मी त्याला ही वीस वर्षं मोजायला सांगतो.

आपल्याकडेही असंच आहे, फक्त आपण ते असं सांगत नाही. वसंत सरवटे यांच्या रेषेशिवाय मराठी पुस्तकांची आणि ‘ललित’च्या मुखपृष्ठांची कल्पना करता येत नाही. ते व्यवसायाने इंजिनिअर होते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत आणि बाकीच्या वेळात चित्रं काढत. शि. द. फडणीस जे. जे.मधून उपयोजित कला शिकून बाहेर पडले. ‘मोहिनी’, ‘हंस’ची त्यांची मुखपृष्ठं लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली, पण शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं त्याहून किती जास्त घरांत गेली असतील! ज्या मुलांना गणित नकोसं वाटायचं त्यांनाही पुस्तकातली ती माणसं आठवतात. मारिओ मिरांडा हे गोव्यातल्या लोटलीच्या जुन्या घरात वाढलेले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. लहानपणापासून रोज डायरीत गावातली माणसं काढली. मग जाहिरातीच्या स्टुडिओत काही वर्षं नोकरी, मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’. आणि आर. के. लक्ष्मण यांना तर जे. जे.ने प्रवेशच नाकारला होता. ही गोष्ट मुलांना सांगताना पालक जरा जपून हसतात, कारण त्यातून ‘कॉलेजची गरजच नाही’ असा सोयीचा अर्थ निघतो. तो खरा नाही. लक्ष्मण नाकारले गेले तरी कावळे, झाडं, बाजार यांची रेखाटनं करायचे थांबले नाहीत. कॉलेज चार वर्षं जे करून घेतं ते त्यांनी स्वतःकडून करून घेतलं. ज्यांना ते जमणार नाही, म्हणजे दहातल्या नऊ जणांना, त्यांनी मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, पुण्याचं अभिनव, पणजीचं गोवा कला महाविद्यालय किंवा आयआयटी मुंबईचं आयडीसी यांचा रस्ता धरावा.

मग काम कुठे मिळतं? या प्रश्नाला एकेकाळी एक ठरलेलं उत्तर होतं. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, १९८० साली ‘टिंकल’ आलं, आणि मुंबई-पुण्यातल्या हाताला काम मिळालं. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला. महाभारत मालिकेची चित्रं मुख्यतः दिलीप कदमांची. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेचे राजे-महाराजे काढले आणि त्याच हाताने राज कॉमिक्सचा नागराजही काढला. ही माणसं पान वेळेवर देत, हे त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. बत्तीस पानांचा अंक म्हणजे दिवसाला एक पक्कं पान धरलं तरी महिना उलटतो, आणि त्यात पेन्सिल, शाई, राजवाड्याचे खांब, घोड्यांचे पाय सगळं आलं. घोड्याचे पाय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

टिंकलमधल्या सुपंडीची कल्पना १९८३ साली त्रिचीच्या एका वाचकाने पत्रातून पाठवली; त्याला ते लांबोडकं डोकं आणि तो निरागस चेहरा दिला वाईरकरांनी. २००३ साली ते गेले, त्यानंतर त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर सुपंडी काढू लागल्या. बापाचा कुंचला लेकीकडे गेला, पण सुपंडी कंपनीचा. यात कोणाला खलनायक करायचं कारण नाही. मासिकासाठी ठरवून केलेलं काम असंच असतं आणि त्याचा रोख मोबदलाही असतो. फक्त सही करताना हे माहीत असावं.

आज ते एक ठरलेलं दार राहिलेलं नाही, त्याऐवजी पन्नास खिडक्या आहेत. मुंबईत चित्रपट आणि जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड काढणारे कितीतरी जण मनाने कॉमिक्सवालेच आहेत. दिग्दर्शक सांगतो, हे दोन दिवसांत साठ चौकटी देतात, शूटिंग झालं की त्या कागदांची किंमत संपते. पैसा बरा आणि लवकर मिळतो, नाव कुठेच येत नाही. मुलांच्या पुस्तकांत उलट आहे. पैसा बेताचा, पण मुखपृष्ठावर नाव. गेम कंपन्या, ॲनिमेशन स्टुडिओ, पाठ्यपुस्तकं, संस्थांच्या आरोग्याच्या पुस्तिका. बहुतेक कामकरी चित्रकारांचं वर्ष असं चार-पाच चुलींवर शिजतं. त्यातली एक चूल आपल्याकडची खास: दिवाळी अंक. श्रावण लागला की संपादकांचे फोन सुरू होतात आणि घटस्थापनेपर्यंत व्यंगचित्रकार झोपत नाहीत.

इथे संपादकाच्या खुर्चीतून एक गोष्ट सांगतो. नवीन मुलं चित्रं दाखवायला येतात तेव्हा फाईलमध्ये चाळीस चेहरे असतात. सगळे तीन-चतुर्थांश वळलेले, सगळे रागावलेले, केस वाऱ्यावर. एकाही पानावर दोन माणसं चहा पीत बसलेली नसतात. माझी परीक्षा साधी असायची. टपरी, पाऊस, दोन मित्र. त्यातला एक उठून निघून जातो. सहा चौकटींत काढ, संवादाचा फुगा एकही नको. कोण दुखावला हे मला कळलं पाहिजे. कितीतरी सुंदर हात इथे अडखळतात, कारण देखणं चित्र काढणं वेगळं आणि नजरेला एका चौकटीतून पुढच्या चौकटीत नेणं वेगळं. वॉली वुड या अमेरिकन चित्रकाराने आपल्या मदतनिसांसाठी बोलती पानं कंटाळवाणी होऊ नयेत म्हणून बावीस नमुना चौकटी काढून ठेवल्या होत्या. कधी डोकं जवळून, कधी नुसती सावली, कधी पुढ्यात मोठा हात आणि मागे लहान माणूस. पुढे त्या एका कागदावर चिकटवल्या गेल्या आणि त्याच्या झेरॉक्स चित्रकारांच्या पिढ्यांनी भिंतीवर लावल्या. कोणत्याही महागड्या वर्गापेक्षा तो कागद जास्त शिकवतो.

देवनागरीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण असते, ती इंग्रजी पुस्तकं शिकवत नाहीत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत अंतर ठेवावं लागतं, म्हणून तेच वाक्य मराठीत फुग्याची जास्त जागा खातं. चित्र पूर्ण करून मग फुगा कुठे बसवायचा हे शोधणाऱ्याच्या पात्रांची डोकी हमखास झाकली जातात. आधी संवाद पेन्सिलीने लिहा, मग माणसं उभी करा. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे. हे इतकं साधं आहे की पंधरा वर्षं काम केलेल्यांचंही चुकतं.

आता पैशांचं. मराठीत त्याला ‘मानधन’ म्हणतात. शब्दात मान आधी येतो आणि धन नंतर. कधीकधी ते येतच नाही. मागायला चित्रकार लाजतात आणि न द्यायला संपादक लाजत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी एका ईमेलमध्ये चार ओळी लिहून होकार घ्यावा. किती चित्रं, कुठे आणि किती वेळा छापणार, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, आणि कच्चं रेखाटन झाल्यावर काम रद्द झालं तर किती. ‘घरचंच काम आहे, होऊन जाईल’ हे वाक्य ऐकलं की या ओळी दुप्पट काळजीने लिहाव्यात.

आणि कायदा वाटतो तितका चित्रकाराच्या विरोधात नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्राचा पहिला मालक सहसा चित्रकार असतो. नोकरीत काढलेलं चित्र मालकाचं होतं, पण वर्तमानपत्र किंवा मासिकाच्या नोकरीत थोडी सवलत आहे. वेगळा करार नसेल तर मालकाचा हक्क वर्तमानपत्रा-मासिकात छापण्यापुरता, बाकीचे हक्क काढणाऱ्याकडे राहतात. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून केलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र मात्र, करार नसेल तर, सांगणाऱ्याचं ठरू शकतं. म्हणून लेखी हवं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते सहीनिशी लेखीच द्यावे लागतात, तोंडी दिलेले चालत नाहीत. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, कागदात वेगळं म्हटलेलं नसेल तर, ते परत येतात. आणि कलम ५७ असं की, हक्क विकून टाकले तरी ‘हे चित्र मी काढलंय’ म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. हक्काची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे नातवंडांपर्यंत. आपल्याकडे शेताच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात आणि चित्राचा उतारा कोणी काढत नाही.

यात मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका दिवाळी अंकाची पानं लावताना पाऊण पान रिकामं राहिलं. रात्रीचे दोन वाजलेले, छपाई सकाळी. जुन्या फाईलमधून आदल्या एका अंकातलं चित्र उचललं आणि लावलं. ना विचारलं, ना नाव टाकलं. भाऊबीजेला चित्रकारांचा फोन आला. ते रागावले नाहीत. अंक छान झालाय म्हणाले, अमुक पानावरचं चित्र ओळखीचं वाटलं, कोणाचं आहे, असं विचारलं. मला अजूनही त्या फोनची लाज वाटते. मानधन दुसऱ्या दिवशी पाठवलं, पण अंक छापून झालेला होता आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं ते नव्हतंच.

स्वतःचं पात्र, स्वतःची गोष्ट हा रस्ता लांबचा आहे, पण उतारा तिथेच स्वच्छ राहतो. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. पुढे तो दुसऱ्या दैनिकात गेला, पुन्हा परतला, २०१२ साली त्याच्यावर चित्रपट आला. वर्तमानपत्र बदललं तरी चिंटू आपल्या आईबाबांबरोबरच राहिला. ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या खोऱ्यात हिंडून १९९४ साली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ केलं तेव्हा भारतात ग्राफिक नॉव्हेलला दुकानात फळीसुद्धा नव्हती. ते पुस्तक २०२२ साली नव्याने निघालं. गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांनी ‘कारी’ (२००८) आणि ‘आदि पर्व’ (२०१२) स्वतः लिहून स्वतः काढली. लिहिताही येत असेल तर चित्रकार ‘लेखक’ होतो आणि रॉयल्टीच्या रांगेत उभा राहतो. माधुरी पुरंदरे यांची मुलांची पुस्तकं बघा. शब्द आणि चित्र एकाच डोक्यातून आल्यामुळे तिथे कोणी कोणाचं सजवत बसलेलं नाही.

आणि ‘भीमायन’. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेली डॉ. आंबेडकरांची ही चित्रकथा दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने काढली. माणसांना डब्यात कोंबायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्या पुस्तकात सरळ रेषेच्या चौकटीच नाहीत; गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या ‘दिग्णा’ नक्षीसारख्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. महाडच्या तळ्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली असते, तरी ती पानं उलटताना घसा कोरडा पडतो. कॉमिक्स कसं काढायचं याच्या नियमांची पुस्तकं वाचलेल्या मुलांनी हे पुस्तक त्यानंतर लगेच वाचावं.

हल्ली फोनवर एक नवा प्रश्न येतो: एआय एका मिनिटात चित्र काढून देतं, मग? फुकट किंवा चहापाण्यावर चित्रं मागणारं गिऱ्हाईक तिकडे गेलंय, हे खरं आहे. सुरुवातीची लहानसहान कामं त्यामुळे आटली, त्याचा फटका नवशिक्यांनाच बसतो. त्यांनी करारात आता एक ओळ वाढवावी, की हे चित्र यंत्राला शिकवायला वापरायचं नाही. याहून शहाणं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

बिल वॉटरसन याची गोष्ट मी शेवटी सांगतो, मुलगी फोनजवळच असेल तर. एका वर्तमानपत्राने त्याला व्यंगचित्रकार म्हणून घेतलं आणि काही महिन्यांत काढून टाकलं. मग चार वर्षं तो मोटारी आणि किराणा मालाच्या जाहिराती लावत होता आणि रात्री चित्रमालिका काढून पाठवत होता, त्या परत येत होत्या. १९८५ साली ‘केल्विन अँड हॉब्स’ स्वीकारली गेली, तेव्हा त्यानेही सगळे हक्क लिहून दिले होते. खेळणी, टी-शर्ट, कार्टून यांना तो वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला. त्यासाठी स्वतःच्याच वितरकाशी भांडला, आणि १९९१ च्या सुमाराला नवा करार करून हक्क परत घेतले. १९९५ च्या ३१ डिसेंबरला त्याने मालिका थांबवली. कोणालाही ती पुढे चालवता आली नाही, कारण आता उताऱ्यावर नाव त्याचं होतं.

सीगल आणि शूस्टर यांचं काय झालं, हेही पालक विचारतात. दोघे कोर्टात गेले, हरले. १९७५ साली सुपरमॅनचा मोठा चित्रपट होणार अशी बातमी आली तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शूस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांतून रान उठवलं, तेव्हा कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले. ॲडम्स आणि रॉबिन्सन एवढ्यावर थांबले नाहीत; नाव छापलं पाहिजे यावर ते अडून बसले, आणि सुपरमॅनच्या पानावर निर्माते म्हणून सीगल आणि शूस्टर ही नावं परत आली. तो ४१२ डॉलरचा चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला.

यंदा दिवाळी अंक हातात आला की अनुक्रमणिकेत लेखकांच्या खाली चित्रकारांची नावं आहेत का बघा. नसतील तर संपादकांना दोन ओळी लिहा. आम्हाला अशी पत्रं येत नाहीत, म्हणून आम्ही विसरतो.